ग्लायसिन : ‘अनावश्यक’ या शब्दात न मावणारं अमिनो आम्ल

वेलांटी

परवा वर्गात अमिनो आम्लांचा तक्ता शिकवत होते. नऊ आवश्यक, उरलेली अकरा अनावश्यक, अशी नेहमीची विभागणी फळ्यावर केली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, अनावश्यक आहेत तर शरीर ती बनवत कशाला बसतं?” मी पुस्तकातलं उत्तर दिलं: शरीर ती स्वतः बनवू शकतं, म्हणून आहारातून मिळालीच पाहिजेत असं नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. पण तिनं विचारलं होतं ‘कशाला’, आणि मी सांगितलं होतं ‘अनावश्यक का म्हणतात’. ते काही मनातून जाईना. म्हणून या अकरांतलं सगळ्यांत लहान, ग्लायसिन, घेऊन बसले. जे हाती लागलं ते मांडते. चूक दिसली तर मोकळेपणानं सांगा, कारण पुढच्या आठवड्यात हे त्याच वर्गापुढे न्यायचं आहे.

आधी त्या शब्दाचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ उंदरांना प्रथिनांऐवजी शुद्ध अमिनो आम्लांची मिश्रणं खायला घालत. एकेक आम्ल वगळायचं आणि वाढ खुंटते का ते बघायचं. खुंटली तर ते आवश्यक, नाही खुंटली तर अनावश्यक. याच कामात १९३५ मध्ये थ्रिओनिन सापडलं. पुढे त्यांनी माणसांवरही असेच प्रयोग केले. पद्धत चोख होती. पण प्रश्न ताटातल्या अन्नाविषयी होता, आणि आपण उत्तर मात्र शरीराविषयीचं म्हणून पाठ केलं.

आता रेणू. दोन कार्बन, पाच हायड्रोजन, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन, बस. प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनला चार हात असतात: एकावर अमिनो गट, एकावर आम्लगट, एकावर हायड्रोजन, आणि चौथ्यावर त्या त्या आम्लाची ओळख सांगणारी बाजूची साखळी. ग्लायसिनच्या चौथ्या हातावरही हायड्रोजनच आहे. म्हणजे ओळख सांगायला काहीच नाही. दोन हात सारखेच, म्हणून त्याची आरशातली प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसते. प्रथिनांतल्या बाकी एकोणीस आम्लांना डावं-उजवं असतं, याला नाही.

याचं एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. व्हिनेगारमधल्या ॲसिटिक आम्लाचा एक हायड्रोजन काढून तिथे अमिनो गट लावला की ग्लायसिन होतं. एवढाच फरक. पण ॲसिटिक आम्ल १६–१७ अंशांच्या वर द्रव असतं, आणि ग्लायसिनचे पांढरे स्फटिक सुमारे २३३ अंशांपर्यंत टिकतात, आणि मग वितळण्याऐवजी त्यांचं विघटन होतं. कारण आम्लगट आपला प्रोटॉन सोडतो आणि त्याच रेणूतला अमिनो गट तो उचलतो. एका टोकाला ऋण भार, दुसऱ्या टोकाला धन. असे रेणू शेजारी शेजारी बसले की एकमेकांना मिठाच्या स्फटिकातल्या आयनांसारखे धरून ठेवतात. पाण्यात मात्र ते झटकन विरघळतात.

शोध १८२० चा. फ्रान्समध्ये आंरी ब्राकोनो यांनी जिलेटिन गंधकाम्लात उकळलं, तर गोड स्फटिक हाती आले. त्यांना ती एक प्रकारची साखरच वाटली, नावही ‘जिलेटिनची साखर’ असं पडलं. त्यात नायट्रोजन आहे हे नंतर कळलं. आजचं नाव ‘गोड’ अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे.

ते जिलेटिनमध्येच आधी का सापडलं, हा योगायोग नाही. जिलेटिन म्हणजे मोडलेलं कोलॅजेन. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कोलॅजेनचा: हाडं, कंडरा, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी, आणि कोलॅजेनच्या कड्यांपैकी दर तिसरी कडी ग्लायसिनची. क्वचित कुठे चुकून नव्हे, अगदी शिस्तीत: ग्लायसिन, कोणीतरी, कोणीतरी, ग्लायसिन, कोणीतरी, कोणीतरी. मधल्या जागांवर बऱ्याचदा प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन.

कोलॅजेन ही तिपेडी वेणी आहे. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. वेणी घट्ट बसायची तर तिच्या गाभ्यात प्रत्येक पेडाला वळसा घेताना आत यावं लागतं, आणि आत जागा इतकी कमी की तिथे एका हायड्रोजनपेक्षा मोठं काही मावत नाही. ती जागा फक्त ग्लायसिन भरू शकतं. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये तिला पीळ दिला, तेव्हा एक तृतीयांश कड्या ग्लायसिनच्या असणं हा त्यांच्या हातातला मोठा धागा होता.

म्हणजे ज्या ‘काहीच नसण्या’मुळे हे आम्ल तक्त्यात सगळ्यांत साधं दिसतं, त्याच्याच जोरावर हाडं उभी आहेत. मला त्या मुलीला हे सांगायचं होतं.

हीम (रक्ताला लाल रंग देणारा, लोह धरणारा रेणू), मेंदू, पित्त, ग्लुटाथायोन (पेशींचं रक्षण करणारा एक छोटा रेणू) अजून बाकी आहेत. जाणकारांनी भर घालावी.

सांजवात

सुंदर लिहिलंय वेलांटीताई. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: ग्लायसिन गोड, आणि जिलेटिनचा तिसरा हिस्सा ग्लायसिन, मग जिलेटिन गोड का लागत नाही?

वेलांटी

सांजवात, अजिबात बाळबोध नाही. जिभेवरचा गोडाचा ग्राही, म्हणजे रेणू ओळखून धरणारं प्रथिन, सुटा रेणू धरतो. साखळीत ओवलेल्या ग्लायसिनची दोन्ही टोकं शेजाऱ्यांशी बांधलेली असतात, भार उरलेला नसतो, म्हणून ग्राहीला धरायला काही नाही. ब्राकोनो यांनी गंधकाम्लात उकळून ते बंध तोडले, तेव्हा कुठे गोडी बाहेर आली.

परीक्षानळी

रसायनशास्त्राच्या बाजूनं थोडी भर.

ग्लायसिनचा आम्लगट सामू २.३ च्या आसपास प्रोटॉन सोडतो आणि अमिनो गट ९.६ च्या आसपास. मधल्या सगळ्या पट्ट्यात तो दुहेरी भाराचा, म्हणजे एकूण शून्य भाराचा. आमच्या प्रयोगशाळेत रोज हीच गोष्ट कामाला येते. विजेच्या प्रवाहानं प्रथिनं जेलमधून ओढून आकारानुसार वेगळी करायची जी पद्धत १९७० मध्ये लेम्ली यांनी रूढ केली, तिच्या द्रावणात ग्लायसिन असतं. वरच्या जेलचा सामू ६.८. तिथे ग्लायसिनवर ऋण भार नगण्य, म्हणून ते रेंगाळतं. पुढे क्लोराइड पळतंय, मागे ग्लायसिन रेंगाळतंय, आणि मध्ये सापडलेली प्रथिनं दाबली जाऊन एका बारीक रेघेत गोळा होतात. खालच्या जेलचा सामू ८.८. तिथे ग्लायसिनच्या अमिनो गटावरचे प्रोटॉन सुटायला लागतात, ऋण भार वाढतो, ते वेग घेतं आणि प्रथिनांना मागे टाकून पुढे जातं. मग प्रथिनं आपापल्या आकाराप्रमाणे वेगळी होत जातात.

मी हे द्रावण कित्येक वर्षं कृतीच्या कागदावरून नुसतं मोजून बनवत होतो. ग्लायसिनच का, हे एका कनिष्ठ सहकाऱ्यानं विचारलं तेव्हा पहिल्यांदा बसून समजून घेतलं. तुमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच जवळचा वाटला.

आणखी एक. रामचंद्रन यांचाच १९६३ चा आलेख, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासोबतचा. प्रथिनाच्या कण्याला कोणत्या कोनांत वळता येतं आणि कोणत्या नाही, याचा तो नकाशा. बहुतेक आम्लांसाठी नकाशाचा बराच भाग निषिद्ध, कारण बाजूची साखळी आड येते. ग्लायसिनचा नकाशा ऐसपैस मोकळा, आणि त्याला डावं-उजवं नसल्यामुळे केंद्राभोवती सममित. म्हणून प्रथिनात जिथे तीव्र वळण लागतं तिथे बऱ्याचदा ग्लायसिन बसलेलं दिसतं.

धमनी

वेलांटीताई, मेंदूबद्दल मी लिहितो. वैद्यकाचा विद्यार्थी होतो तेव्हापासून हा माझ्या आवडीचा विषय आहे.

मज्जारज्जूत ग्लायसिन निरोप्याचं काम करतं, आणि तो निरोप ‘थांब’ असा असतो. एक स्नायू आखडताना त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूनं सैल व्हावं लागतं, नाहीतर सांधा हलणारच नाही. हे सैल करण्याचं काम मज्जारज्जूतल्या लहान चेतापेशी करतात. त्या ग्लायसिन सोडतात, समोरच्या पेशीवरची क्लोराइडची दारं उघडतात, ऋण भाराचे आयन आत शिरतात आणि ती पेशी उद्दीपित व्हायला कठीण होते. १९६५ च्या सुमारास ॲप्रिसन आणि वर्मन यांच्या कामातून हे पुढे आलं.

आता दोन विषं बघा. काजऱ्याच्या बीतलं स्ट्रिक्निन ग्लायसिनच्या ग्राहीवर जाऊन बसतं. ‘थांब’ हा निरोप निघतो, पण ऐकणाऱ्याचे कान बंद. धनुर्वाताच्या जंतूंचं विष वेगळ्या वाटेनं जातं. ते जखमेजवळच्या चेतातंतूंतून उलट्या दिशेनं वर चढून मज्जारज्जूत पोचतं, तिथे या थांबवणाऱ्या पेशींत शिरतं आणि निरोपाच्या पिशव्या रित्या करणारं एक प्रथिन कापून टाकतं. इथे कान उघडे आहेत, पण निरोपच निघत नाही. ग्लायसिन अडतं आणि त्याच्याबरोबर गाबा हा ‘थांब’ सांगणारा दुसरा निरोप्याही. दोन्हीकडे परिणाम जवळपास तोच: सगळे स्नायू एकाच वेळी आखडतात, पाठीचे स्नायू जास्त ताकदीचे म्हणून शरीर मागे वाकतं. आपल्या भाषेत या रोगाला धनुर्वात म्हणतात ते याच वाकण्यामुळे. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना ग्लायसिन माहीत नव्हतं, पण रुग्णाकडे त्यांनी नीट पाहिलं होतं.

आणि याच्या बरोबर उलट काम मेंदूच्या वरच्या भागात. तिथे ग्लुटामेट या ‘चल’ सांगणाऱ्या निरोप्याचा एक ग्राही आहे, स्मरणाशी आणि शिकण्याशी जवळचा संबंध असलेला, एनएमडीए नावाचा. तो नुसत्या ग्लुटामेटनं उघडत नाही. त्याच्यावर दुसरीही जागा आहे आणि ती ग्लायसिननं किंवा सेरीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या उजव्या रूपानं भरलेली असावी लागते. जॉन्सन आणि ॲशर यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. म्हणजे खाली जो रेणू ‘थांब’ म्हणतो, तोच वर ‘चल’ म्हणायला मदत करतो. रेणू तोच, अर्थ ग्राही ठरवतो.

जुनी वही

हीमबद्दल कोणी लिहायच्या आत मी लिहितो, कारण हा प्रयोग मला फार प्रिय आहे.

१९४५ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड शेमिन यांना प्रथिनं शरीरात किती दिवस टिकतात हे बघायचं होतं. त्यांनी जड नायट्रोजन, म्हणजे १५ वस्तुमानांकाचा समस्थानिक, घातलेलं ग्लायसिन प्रयोगशाळेत बनवलं. आणि सुमारे तीन दिवसांत त्यातलं ६६ ग्रॅम स्वतः खाल्लं. मग ठराविक दिवसांनी स्वतःचं रक्त काढून त्यातल्या हीममध्ये जड नायट्रोजन किती आहे ते मोजत राहिले.

अपेक्षा अशी असते की खूण चढेल आणि लगेच हळूहळू उतरायला लागेल. तसं झालं नाही. ती चढली आणि कितीतरी आठवडे वरच राहिली. सुमारे चार महिन्यांनी घसरली. याचा अर्थ हीम एकदा तांबड्या पेशीत बसलं की पेशी मरेपर्यंत तिथून हलत नाही, आणि त्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. रिटेनबर्ग यांच्यासोबतचा तो निबंध १९४६ चा. आज प्रत्येक पुस्तकात असलेला हा आकडा पक्का करण्यात एका माणसाच्या स्वतःच्या रक्ताचा असा वाटा आहे.

दुसरं जे निघालं ते अधिक मोठं. हीमच्या कड्यातले चारही नायट्रोजन ग्लायसिनचेच असतात. पेशी ग्लायसिन घेते, सक्सिनिल कोएन्झाइम ए नावाचा पेशीतला दुसरा एक रेणू घेते, ब-६ जीवनसत्त्वाच्या मदतीनं दोन्ही जोडते, एक कार्बन वायुरूपात बाहेर जातो. असे आठ तुकडे जोडून एक हीम. शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बनवतं आणि प्रत्येकीत कोट्यवधी हीम. प्रत्येक हीममागे आठ ग्लायसिन. गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

अवांतर: शिशाच्या विषबाधेत रक्तक्षय होतो, त्यात याच साखळीतलं पुढचं विकर बंद पडतं.

कसोटी

धागा चांगला आहे, पण मला एका गोष्टीला हरकत घ्यायची आहे, आणि ती मनापासून आहे.

‘अनावश्यक’ हा शब्द चुकीचा आहे असं म्हणत आपण हळूहळू ‘ग्लायसिन वेगळं घ्यायला हवं’ या निष्कर्षाकडे सरकतो. कोलॅजेनच्या आणि ग्लायसिनच्या भुकट्यांच्या जाहिराती याच वाटेनं जातात: हे हाडांत आहे, हे त्वचेत आहे, म्हणून हे विकत घ्या. शरीरात एखादी गोष्ट महत्त्वाची असणं आणि ती बाहेरून कमी पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोझ यांची विभागणी दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे आणि तेवढ्यापुरती ती बरोबर आहे. निरोगी माणूस सेरीनपासून ग्लायसिन बनवतो. संपला विषय.

वेलांटी

कसोटी, जाहिरातींबद्दल शंभर टक्के सहमत. मूळ लेखात हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. वर्गात नक्की सांगेन.

पण ‘संपला विषय’ याच्याशी नाही. कारण सेरीनपासून ग्लायसिन बनवण्यात एक अट आहे, आणि मला या सगळ्या वाचनात ती सर्वांत जास्त गुंतवणारी वाटली.

सेरीनकडे एक कार्बन जास्त असतो. तो काढला की ग्लायसिन. पण काढलेला कार्बन हवेत सोडून देता येत नाही. तो फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वापासून बनलेल्या एका वाहकाच्या खांद्यावर ठेवावा लागतो. म्हणजे एक ग्लायसिन बनलं की एक भरलेला वाहक तयार होतो. तो वाहक पुढे डीएनएचे घटक बनवायला, मिथाइल गट द्यायला वापरला जातो, रिकामा होतो आणि परत येतो. जितके वाहक रिकामे होऊन परत येतील तितकंच नवं ग्लायसिन या वाटेनं बनू शकतं. याचा अर्थ असा की ग्लायसिन किती बनावं हे ग्लायसिनची गरज एकटी ठरवत नाही. एक-कार्बन गटांची मागणीही ते ठरवते.

आता ग्लायसिन लागतं कुठे? कोलॅजेनला सर्वांत जास्त. शिवाय हीम, क्रिएटिन, ग्लुटाथायोन, पित्ताम्लं. डीएनएच्या घटकांतल्या प्युरिनच्या कड्यात तर अख्खा रेणूच जाऊन बसतो, दोन कार्बन आणि नायट्रोजन जसेच्या तसे. स्पेनमधल्या मेलेंदेझ-एव्हिया आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हिशेब मांडला: ७० किलोच्या माणसाची रोजची गरज सुमारे १५ ग्रॅम, शरीर बनवतं सुमारे ३ ग्रॅम, आहारातून येतं दीड ते ३ ग्रॅम. म्हणजे रोज जवळपास १० ग्रॅमची तूट.

कसोटी

हा हिशेब मी वाचला आहे, आणि त्याबद्दलच माझी शंका आहे. तो कोलॅजेन किती वेगानं मोडतं आणि नव्यानं बनतं यावर उभा आहे. जुनं कोलॅजेन मोडलं की त्यातलं ग्लायसिन परत हाती येतंच, हायड्रॉक्सिप्रोलीनचं रूपांतर होऊनही थोडं मिळतं. फेरवापराचा आकडा थोडा बदलला तर तूट कुठच्या कुठे जाते.

आणि दुसरा प्रश्न. यकृताच्या मायटोकाँड्रियात ग्लायसिन तोडणारी एक स्वतंत्र यंत्रणा आहे, चार प्रथिनांची. ती ग्लायसिनचे तुकडे करून कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया बनवते, उरलेला कार्बन पुन्हा त्याच फोलेटच्या वाहकावर. ज्या घरात रोज १० ग्रॅम कमी पडतंय, ते घर तीच वस्तू मोडीत कशाला काढेल?

वेलांटी

हा प्रश्न मी फळ्यावर लिहिणार आहे, कसोटी. तुमच्या हँडलसकट.

मला सुचलेलं अर्धंमुर्धं उत्तर असं. तोडणारी यंत्रणा असणं म्हणजे मुबलकता असणं, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या बाळांत ती यंत्रणा जन्मतः बिघडलेली असते त्यांच्या मेंदूत ग्लायसिन साठतं, आणि जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत ती सुस्त होतात, झटके येतात, श्वास अडतो. धमनी यांनी वर सांगितलेली दोन्ही कामं, ‘थांब’ आणि ‘चल’, एकदमच हाताबाहेर जातात. म्हणजे साठू न देणं ही शरीराची गरज आहे, आणि ती कोलॅजेनच्या मागणीपेक्षा तातडीची आहे. कंडरा उद्या विणली तरी चालते. मेंदूला तेवढा धीर नाही.

बाकी फेरवापराच्या मुद्द्यावर तुम्ही मला जागेवर आणलंत. रोजच्या तुटीचा आकडा मी वर्गात ‘एक अंदाज, ज्यावर वाद आहे’ असं म्हणूनच सांगेन. अनेक पुस्तकं आता ग्लायसिनला ‘परिस्थितीनुसार आवश्यक’ या तिसऱ्या रकान्यात ठेवतात: अपुऱ्या दिवसांची बाळं, झपाट्यानं वाढ, मोठं आजारपण. तो रकाना मला पटतो.

परीक्षानळी

कसोटी आणि वेलांटी, दोघांनाही धन्यवाद. असा वाद वाचायलाच इथे येतो.

या वादात बसणारं एक जुनं उदाहरण. बेंझोइक आम्ल पोटात गेलं की यकृत त्याला ग्लायसिन जोडतं आणि हिप्युरिक आम्ल म्हणून मूत्रावाटे बाहेर टाकतं. १८४२ मध्ये व्होलर यांच्या प्रयोगशाळेतल्या केलर यांनी स्वतः बेंझोइक आम्ल घेऊन हे दाखवलं. शरीरात एका पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर होतं याचा तो अगदी सुरुवातीचा पुरावा. आजही युरिया बनवता न येणाऱ्या मुलांना सोडियम बेंझोएट देतात ते यासाठीच: प्रत्येक रेणू एक ग्लायसिन घेऊन जातो आणि त्याबरोबर एक नको असलेला नायट्रोजन. म्हणजे कधी कधी शरीराबाहेर कचरा नेणारी पिशवी म्हणूनही ग्लायसिन खर्ची पडतं.

उल्का

मी खगोलशास्त्राची हौशी अभ्यासक. ग्लायसिन पृथ्वीबाहेरही सापडलं आहे, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून विजेच्या ठिणग्या सोडल्या, तेव्हा मिळालेल्या अमिनो आम्लांत ग्लायसिन होतं. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्कापाषाणात सापडलं. स्टारडस्ट यानानं विल्ट-२ या धूमकेतूजवळून आणलेल्या नमुन्यात असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. आणि रोझेटा यानानं ६७पी धूमकेतूभोवतीच्या वायूतच ते ओळखलं, ती बातमी २०१६ ची.

प्रश्न असा: नमुना हाताळताना माणसाच्या बोटांवरून ते त्यात गेलं नाही, हे कसं ठरवतात?

वेलांटी

उल्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा त्या दोन हायड्रोजनांपाशीच येतं! इतर अमिनो आम्लांबाबत डावं-उजवं मोजता येतं. सजीवांकडून आलेलं जवळजवळ सगळं डावं असतं, निर्जीव रसायनातून आलेलं निम्मं-निम्मं. ग्लायसिनला डावं-उजवं नाहीच, त्यामुळे ही कसोटी लागूच होत नाही. मग उरतो कार्बनचा समस्थानिक. विल्ट-२ च्या ग्लायसिनमध्ये १३ वस्तुमानांकाचा कार्बन पृथ्वीवरच्या सजीवांपेक्षा जास्त निघाला, म्हणून ते धूमकेतूचंच असं मानलं गेलं.

मधला भाऊ

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, खातं आजच लिहायला सुरू केलं.

माझ्या धाकट्या भावाची हाडं लहानपणापासून सहज मोडतात. आता तो नऊ वर्षांचा आहे, सात वेळा प्लास्टर झालं. मागच्या वर्षी जनुकीय तपासणी केली. अहवाल हातात दिला, ‘कोलॅजेनमध्ये दोष आहे’ एवढं सांगितलं, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. अहवालात लिहिलं आहे, ग्लायसिनच्या जागी सेरीन. मी तो कागद वर्षभर कपाटात ठेवला होता. वेलांटीताईंचा लेख वाचून आज काढला. हजारावर कड्यांमधली एक कडी बदलली तर एवढं होतं? आणि त्याला ग्लायसिन खायला दिलं तर काही फरक पडेल का? आई हेच विचारते.

वेलांटी

भाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत.

सेरीन आणि ग्लायसिनमध्ये फरक अगदी थोडा: हायड्रोजनच्या जागी एक कार्बन, दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. इतर कुठल्याही प्रथिनात कदाचित खपून गेलं असतं. वेणीच्या गाभ्यात मात्र तेवढीही जागा नसते. वेणी एका टोकापासून वळत जाते, त्या कडीपाशी येऊन अडखळते, मग पुढचा भाग जास्त वेळ उघडा राहतो आणि त्यावर नको तेवढे साखरेचे गट चिकटतात.

दुसरी गोष्ट. हाडांतल्या कोलॅजेनच्या प्रत्येक वेणीत तीन पेड: दोन एका जनुकाचे, एक दुसऱ्याचा. पहिल्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच चूक असली, तरी दोन्ही पेड चांगले निघण्याची शक्यता चारात एकच. म्हणून चार वेण्यांपैकी तीन वेण्यांत बिघाड येतो. एका अक्षराचा परिणाम इतका मोठा होण्याचं हे कारण.

आणि आईंच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ग्लायसिन खाऊन फरक पडणार नाही. भावाच्या शरीरात ग्लायसिन कमी नाही. एका जागी ‘सेरीन घाल’ असं लिहिलं गेलंय. जनुकात प्रत्येक अमिनो आम्लासाठी तीन अक्षरी संकेत असतात, आणि ग्लायसिनचे सगळे संकेत ‘जीजी’नं सुरू होतात. पहिल्या ‘जी’चा ‘ए’ झाला की काही संकेत सेरीनचे होतात. पेशी लिहिलेलं प्रामाणिकपणे वाचते आहे. हे त्याच्या किंवा आईंच्या खाण्यापिण्यामुळे झालेलं नाही, हेही त्यांना सांगा.

धमनी

वेलांटीताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. मी फक्त उपचारांचं बोलतो. अशा मुलांना बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं देतात. ती कोलॅजेनची चूक सुधारत नाहीत, पण हाड झिजण्याचा वेग कमी करतात आणि घनता वाढवतात. जोडीला व्यायामोपचार, आणि गरजेप्रमाणे हाडात सळई. तुमच्या भावाला यातलं काय लागू आहे हे त्याला तपासणारे हाडांचे आणि बालरोगाचे डॉक्टरच सांगतील. पुढच्या भेटीला प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. तो तुमचा हक्क आहे. जनुकीय समुपदेशकाची वेगळी वेळही मागा, हे समजावून सांगणं हेच त्यांचं काम असतं.

कसोटी

मधला भाऊ, भुकटीवाले या आजाराच्या नावानंही गाठतील. पैसे देऊ नका. प्रश्न लिहून काढायला मदत हवी असेल तर मला खरडवहीत लिहा.

मधला भाऊ

सगळ्यांचे आभार. अहवाल पुन्हा बघितला. खरंच ‘जीजीसी’च्या जागी ‘एजीसी’ आहे. वर्षभर तो कागद घरात होता आणि आम्हाला वाचता येत नव्हता.

संध्याकाळी आईला तीन दोऱ्यांची वेणी घालून दाखवली. एका दोऱ्यात मधोमध एक मणी ओवला होता. त्या जागी वेणी फुगली आणि खालचे पेड सैल पडले. तिनं ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग विचारलं, “म्हणजे मी त्याला काही चुकीचं खाऊ घातलं नव्हतं ना?” मी नाही म्हटलं. धाकट्यानं ती वेणी मागून घेतली आहे, उद्या शाळेत नेणार म्हणतो.